शिंपल्यांचा दगड फोडण्यापूर्वी : कोकणातील किनारी ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील किनारी ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच आणि सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्यातील एका गावी खाडीच्या मुखाशी, पुळण संपून खडप सुरू होते तिथे, सुमारे चाळीस फूट लांबीचा आणि कमरेइतका उंच असा एक खडक जेसीबीने दोन दिवसांत फोडला गेला. त्याचे तुकडे जवळच्या बंधाऱ्याच्या भरावात गेले. मी पोहोचलो तेव्हा काम आटोपले होते. मुकादमाला विचारले, तर तो म्हणाला की दगडच तर आहे, आणि तोही जांभ्यापेक्षा कच्चा. दगडाच्या मजबुतीपुरते त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. कोणी नियम मोडला असेही मला म्हणता येत नाही, कारण या दगडाचे नाव घेऊन त्याला जपणारा नियमच नाही. म्हणून त्या गावाचे नाव मी लिहीत नाही. मात्र त्या खडकाचा प्रत्येक हातभर तुकडा शेकडो शिंपल्यांनी, शंखांनी आणि कालवांच्या कवचांनी भरलेला होता आणि ती कवचे आज त्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या कवचांपेक्षा वेगळ्या प्रमाणात होती. हे प्रमाण आता कोणालाही मोजता येणार नाही, आणि या पत्राचे कारण तेवढेच आहे.

हा खडक आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असतो. अभ्यासकांच्या लिखाणात त्याला ‘करळ’ म्हटलेले आढळते. आमच्याकडे सरळ शिंपल्यांचा दगड म्हणतात. वाळू आणि शिंपल्यांचा चुरा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात साचतो, समुद्राच्या पाण्यातील चुना त्या कणांच्या फटींत हळूहळू स्फटिकरूपाने बसतो आणि सगळे एकमेकांना चिकटून दगड होतो. उष्ण प्रदेशांतील किनाऱ्यांवर ही क्रिया इतकी लवकर होते की काही देशांत अशा दगडात अलीकडच्या काळातील बाटल्या आणि नाणीही अडकलेली सापडली आहेत. या दगडाचे महत्त्व त्याच्या जन्मस्थानात आहे. तो मुख्यतः भरतीची वरची आणि ओहोटीची खालची रेषा यांच्या दरम्यान जुळतो. त्यामुळे आज तो उधाणाच्या पाण्यापेक्षाही वर, माडांच्या मुळांशी दिसला, तर तो तयार झाला तेव्हा समुद्र जमिनीच्या तुलनेने वर होता, आणि पाण्याखाली खोल दिसला तर समुद्र खाली होता, असे अनुमान करता येते. समुद्राने स्वतः लावलेली ही पातळीची खूण आहे.

कोकणात जीवाश्म नाहीत, असे मी विद्यार्थी असताना मला शिकवले गेले आणि पुढे बरीच वर्षे मीही तेच शिकवले. ते अर्धेच खरे आहे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे आणि लाव्हात शंखशिंपले जपले जात नाहीत. लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळात मुंबईच्या वरळी भागात बेडकांचे आणि कासवांचे अवशेष मिळाले, पण ते गोड्या पाण्यातले. सिंधुदुर्गात जांभ्याखालच्या चिकणमातीत आणि लिग्नाइटमध्ये, म्हणजे तपकिरी कोळशात, मिळतात ते प्रामुख्याने वनस्पतींचे अवशेष आणि परागकण. ज्याला खरोखर जुना समुद्रतळ पाहायचा असेल त्याने कच्छला जावे, जिथे जुरासिक काळातले गुंडाळलेल्या शिंगासारखे अमोनाइट, म्हणजे नामशेष समुद्री प्राण्यांची कवचे, उघड्या माळावर मिळतात, किंवा नर्मदेच्या खोऱ्यात बाघला जावे, जिथे लाव्हा येण्यापूर्वीच्या समुद्रातील कालवे आणि समुद्री साळू चुनखडीत बसलेले आहेत. हे सगळे बरोबर आहे, आणि तरीही पुरे नाही.

कारण आपला जुना समुद्रतळ समुद्रातच राहिला आहे. १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खणणाऱ्या तराफ्याने बॉम्बे हाय येथे तेल शोधले, त्या तेलाचा मोठा साठा मायोसीन या, लाव्हाच्या बऱ्याच नंतरच्या, काळातील चुनखडीत आहे. उथळ, उबदार आणि स्वच्छ पाण्याच्या तळावर फोरामिनिफेरा नावाचे एकपेशीय सूक्ष्मजीव, चुना साठवणारी शैवाले आणि इतर प्राणी मेले, त्यांची कवचे साचली आणि त्यांची चुनखडी झाली. तिच्यातील बारीक छिद्रांत पुढे तेल जमले. फोरामिनिफेरा हे प्राणी नव्हेत, पण अपृष्ठवंशीयांचे जीवाश्म अभ्यासणारेच बहुधा त्यांचाही अभ्यास करतात, कारण वाळूच्या कणाएवढे हे कवच त्या थराचे वय आणि पाण्याची खोली दोन्ही सांगते. उरणच्या प्रकल्पात नळाने येणारे तेल म्हणजे एका गेलेल्या समुद्रतळाच्या पोकळीत साठलेला माल आहे, हे तिथल्या किती शाळांत सांगितले जाते, कोण जाणे.

२०१५ मध्ये ‘जॉइडीस रेझोल्यूशन’ या जहाजाने आपल्या किनाऱ्यापासून दूर, अरबी समुद्राच्या तळावरील लक्ष्मी खोऱ्यात समुद्रतळाखाली सुमारे अकराशे मीटर खोल छिद्रे घेतली. त्यांत पश्चिम किनाऱ्याच्या उतारावरून सुटून आलेल्या एका प्रचंड दरडीचा गाळ मिळाला. उथळ पाण्यातला चुनखडीचा माल तिने खोल समुद्रात नेऊन टाकला होता. ‘नटराज दरड’ या नावाने ती आता ओळखली जाते. ही कामे सरकारे आणि मोठी जहाजे करतात. त्यांत ग्रामपंचायतीने काही करण्यासारखे नाही.

आता जवळ येऊ. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाचा जोर असताना, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. म्हणजे आपला किनारा आजच्या किनाऱ्यापासून कित्येक मैल पश्चिमेला होता आणि आजच्या खाड्यांच्या जागी नद्या आणखी पुढे वाहत होत्या. त्या काळातली उथळ पाण्यातील चुन्याची वाळू आणि शंखशिंपले आजही मुंबईसमोरच्या समुद्रात ‘पन्नास वाव सपाटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात, म्हणजे साधारण नव्वद मीटर खोलीवर, उघडी पडलेली आहेत. आज नद्यांनी आणलेला चिखल त्याच्या अलीकडेच बसतो, त्यामुळे तो जुना तळ झाकला गेलेला नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखला जाणारा आंग्रिया बँक हा बुडालेला उंचवटा आहे, तिथे आजही प्रवाळ जगते. बर्फ वितळले तसे पाणी वर आले, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी ते आजच्या पातळीच्या आसपास पोहोचले. त्यानंतर ते आपल्या किनाऱ्यावर किती वर चढले, किती उतरले, यावर संशोधकांत एकमत नाही. या वादाचा पुरावा ना बॉम्बे हायमध्ये आहे, ना कच्छमध्ये. तो करळाच्या दगडात, वाड्यांच्या विहिरींत आणि खाजणाच्या चिखलात आहे, आणि या तिन्ही जागा आपल्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून येतात.

हा पुरावा वाचतात कसा, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण तो वाचायची निम्मी विद्या आपल्या गावांतल्या बायकांना आधीच येते. ओहोटीला तिसऱ्या वेचायला जाणारी बाई खडपावर जात नाही, आणि कालवे काढायला जाणारी कोयती घेऊन पुळणीवर बसत नाही. तिसऱ्या वाळूमिश्रित चिखलात रुतून राहतात, कालवे दगडाला किंवा कांदळवनाच्या मुळांना चिकटतात, शंकूसारखे लांब, जाड शंख खाजणाच्या चिखलात फिरतात, आणि बटणासारखे चकचकीत, रंगीबेरंगी छोटे शंख मोकळ्या पुळणीच्या ओल्या वाळूत हजारोंनी सापडतात. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी जो पातळ, अर्धपारदर्शक शिंपला लावत, तो शांत पाण्याच्या चिखलट तळावर राहतो. लाटा आपटतात अशा जागी तो टिकत नाही. पुराजीवशास्त्रज्ञ, म्हणजे जीवाश्म अभ्यासणारा, हेच ज्ञान उलट्या दिशेने वापरतो. दगडात कोणती कवचे किती आहेत हे मोजून त्या वेळी तिथे पुळण होती, खडप होते की खाजण, हे तो ठरवतो. समजा, आज मोकळी पुळण असलेल्या जागी दगडात खाजणाचे शंख आणि तो खिडकीचा शिंपला मिळाला, तर तिथे एके काळी वाळूच्या दांड्याआड शांत खाडी होती आणि तो दांडा नंतर फुटला किंवा सरकला, असा अंदाज बांधता येतो.

पण कवच कोणाचे आहे एवढ्यावर थांबून चालत नाही. ते कसे पडले आहे हेही पाहावे लागते. शिंपल्याची दोन्ही झाकणे मिटलेली आणि जोडलेली असतील तर प्राणी जिथे जगला तिथेच, झटपट गाळाखाली गाडला गेला असण्याची शक्यता असते, कारण मेलेल्या शिंपल्याचा सांधा फार दिवस टिकत नाही. सुटी झाकणे पालथी, म्हणजे फुगीर बाजू वर करून, ओळीने बसलेली असतील तर त्यांच्यावरून पाण्याचा वेगवान प्रवाह गेला आहे. वाहत्या पाण्यात वाटी पालथी होते तशी ती होतात. झाकणाच्या आतल्या बाजूला कालवाचे पिल्लू किंवा बार्नेकल (दगडाला चिकटून राहणारा छोटा कवचधारी जीव) चिकटून वाढलेले दिसले, तर प्राणी मेल्यावर ते कवच बराच काळ तळावर उघडे पडून होते. काही शिंपल्यांवर एकच, नीट गोल आणि बाहेरून उतरत्या कडेचे छिद्र असते. ते छिद्र पाडून आतले मांस खाणारी एक गोगलगाय आजही आपल्या पुळणीवर राहते. त्या छिद्रांची संख्या मोजली तर हजारो वर्षांपूर्वीच्या तळावर कोण कोणाला किती खात होते, हेही कळते. माझ्या मते या शास्त्रात याहून सुंदर मोजणी नाही, आणि तिला एक भिंग, एक पट्टी आणि चिकाटी एवढेच लागते.

हे सगळे जेसीबीच्या एका फटक्याने जाते ते असे. कवचे नष्ट होत नाहीत. ती भरावात सुरक्षित असतातही. पण कोणते कवच कोणत्या थरात, कोणत्या बाजूने, आजच्या भरतीरेषेपासून किती उंचीवर होते, हे कायमचे पुसले जाते, आणि वर सांगितलेले एकही अनुमान त्याशिवाय निघत नाही. याबाबतीत दुसऱ्यांना बोलण्यापूर्वी मी स्वतःचे सांगितले पाहिजे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी हातोडी घेऊन किनाऱ्यावर हिंडत असे आणि दिसेल तो छान तुकडा पिशवीत टाकत असे. त्यांतले चौदा तुकडे अजून माझ्या कपाटात आहेत. त्यांची जागा लिहून ठेवायची मी आळस केला, आणि आज ते कागदावर ठेवायच्या वजनापलीकडे कशाच्याही उपयोगाचे नाहीत. मुकादमाने यंत्राने केले ते मी हातोडीने केले होते.

वयाचा प्रश्न असाच आहे. कवचातील कार्बनवरून वय काढता येते, सुमारे पन्नास हजार वर्षांपर्यंत. पण समुद्राच्या पाण्यातला कार्बन हवेतल्यापेक्षा जुना असल्याने शिंपल्याचे वय काही शतकांनी जास्त दिसते आणि त्याची दुरुस्ती करावी लागते. शिवाय लाटा जुन्या थरातले कवच उकरून नव्या वाळूत मिसळतात. घासून गुळगुळीत झालेला एकटा शिंपला दगडापेक्षा जुना असू शकतो. दोन्ही झाकणे मिटलेला शिंपला मात्र विश्वासाचा साक्षीदार असतो. असा साक्षीदार दगडात नेमका कुठे बसला आहे हे जागेवरच पाहावे लागते. त्याच शिंपल्याच्या वाढीच्या रेषांत ऑक्सिजनच्या दोन प्रकारच्या अणूंचे प्रमाण मोजले, तर तो जगला त्या वर्षांत पाणी किती उबदार होते आणि पावसाळ्यात खाडीत किती गोडे पाणी उतरत होते, याचाही माग लागतो. मान्सूनच्या इतिहासासाठी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत तळाच्या गाळातील फोरामिनिफेरांवर दीर्घकाळ काम झालेले आहे, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील जीवाश्मशास्त्रज्ञांनी उरण आणि हरिहरेश्वर येथील करळाच्या दगडातील जीव आणि त्याचे वय यांचा अभ्यास केला आहे. त्याहीपूर्वी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, मुंबईत डॉक्टर असलेल्या हेन्री जॉन कार्टर यांनी पश्चिम भारताच्या भूशास्त्रावर आणि फोरामिनिफेरांवर लिहिले होते. तेव्हा हा विषय नवा नाही. नवे आहे ते किनाऱ्यावर फिरणाऱ्या यंत्रांचे बळ.

दापोली तालुक्यातील केळशीचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तिथल्या खाडीच्या मुखाशी असलेल्या वाळूच्या उंच टेकडीत शिंपले, राख आणि खापरे यांचे थर आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्व अभ्यासक अशोक मराठे यांनी त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. काही भूशास्त्रज्ञांनी तिथल्या एका थराचा संबंध इराण-पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळच्या भूकंपाने मध्ययुगात आलेल्या त्सुनामीशी जोडला आहे. तो सर्वांना मान्य नसला तरी प्रश्न खरा आहे, कारण २८ नोव्हेंबर १९४५ च्या मकरान भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. शिंपल्यांचा थर लाटेने आणला की माणसांनी जेवून टाकला, हे ओळखण्याच्या खुणाही साध्या आहेत. माणूस खाण्याजोगे, मोठे, एकाच दोन जातींचे शिंपले आणतो आणि त्यांच्यासोबत राख आणि खापरे पडतात; लाट लहानमोठे, तुटके, खाडीतले आणि खोल पाण्यातले सगळे एकत्र आणून टाकते. उद्या किनाऱ्यावर घर किती उंचीवर बांधावे, हा प्रश्न आपल्या ग्रामसभेत येईल, तेव्हा समुद्र पूर्वी कुठवर आला होता याची माहिती याच थरांतून मिळायची आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात. १८ जानेवारी २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत सर्वांत संवेदनशील गटात कांदळवने, प्रवाळ, वाळूच्या टेकड्या, जिवंत चिखलपट्टे, कासवांच्या अंडी घालण्याच्या जागा, पुरातत्त्वीय आणि वारसास्थळे यांची नावे आहेत. शिंपल्यांच्या दगडाचे नाही. केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा स्थळांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा डिसेंबर २०२२ मध्ये हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला, पण त्याचे पुढे काय करायचे ते दिल्लीत ठरेल. तोवर हा दगड फार तर गौण खनिज. आपल्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्याच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी त्यांची जागा दाखवली, त्यांच्या भोवती दगड रचले, त्यांवरून गाड्या जाऊ दिल्या नाहीत. सरकारी पाटी नंतर आली.

म्हणून माझी विनंती कायद्याची वाट पाहणारी नाही. किनाऱ्यावर जेटी, बंधारा, रस्ता किंवा वाहनतळ यांचा ठराव करताना त्या जागेवर शिंपल्यांचा दगड आहे का, एवढे एक वाक्य ठरावात असावे. असल्यास काम थांबवा असे मी म्हणत नाही. धुपीने ज्यांच्या माडांच्या रांगा समुद्रात गेल्या त्यांच्यापुढे जुन्या शिंपल्यांची महती गाणे मला शोभणार नाही. पण फोडण्यापूर्वी आठ दिवस द्यावेत. त्या आठ दिवसांत शाळेतील एखाद्या शिक्षकाने फुटपट्टी शेजारी ठेवून चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, फोनवर दिसणारे अक्षांश-रेखांश लिहून घ्यावेत, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी त्या दगडावर कुठवर येते ते गावातील जाणत्या कोळी बांधवाकडून खुणेने दाखवून घ्यावे. जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र किंवा प्राणिशास्त्र विभागाला फोन करावा. दगडाला पर्याय असेल तर तो वापरावा, आणि नसेल तर निदान एक कोपरा जागेवर शाबूत ठेवावा. जैविक विविधता अधिनियम, २००२ खाली आपल्याकडे जी लोकजैवविविधता नोंदवही असते, ती जिवंत जातींसाठी आहे हे मला मान्य आहे. तरी तिला एक जोडपान लावून या नोंदी त्यात ठेवायला कोणाची हरकत असेल असे वाटत नाही.

दुसरी विनंती विहिरींची. आपल्या नारळी-पोफळीच्या अनेक वाड्या जुन्या वाळूच्या दांड्यांवर आहेत, आणि तिथे विहीर खणताना पाच-दहा हातांवर शिंपल्यांचा थर लागतो, हे प्रत्येक विहीर खणणाऱ्याला माहीत आहे. तो थर लागला की जमिनीपासूनची खोली दोरीने मोजून लिहावी आणि बादलीभर माल न धुता, न निवडता एका गोणीत ठेवावा. निवडलेला माल निरुपयोगी असतो; सुंदर शंख बाजूला काढले की प्रमाण बिघडते आणि बारीक कवचे तर धुण्यातच जातात. गोणीवर वाडीचे नाव, खोली आणि तारीख असली की पुरे.

एक भीतीही सांगून टाकतो. हे पत्र वाचून एखादी पंचायत उत्साहाने त्या दगडापाशी कमान, बाकडी आणि फोटो काढायची जागा करील, आणि दोन हंगामांत लोक शिंपले ठोकून घरी नेतील. तसे होणार असेल तर दगडाची जागा गावाबाहेर कोणाला न सांगणेच बरे. नोंद हवी, जाहिरात नको.

मी निवृत्त आहे आणि गुडघे सोडले तर तब्येत ठीक आहे. पावसाळा संपून समुद्र निवळला की कार्तिकातील मोठ्या ओहोट्यांना गुहागर, दापोली आणि मंडणगड तालुक्यांतील जी पंचायत बोलावील तिथे मी स्वखर्चाने येईन. भिंग, पट्टी आणि गोण्या माझ्याकडे आहेत. फक्त ओहोटीची वेळ तिथल्याच माणसाने कळवावी, कारण छापील तक्त्यातली वेळ आणि प्रत्यक्ष खाडीतली वेळ यांत आमच्याकडे अर्ध्या तासाचा फरक पडतो.

आपला नम्र,
भूशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक
गुहागर तालुका, जिल्हा रत्नागिरी